प्लॉट नंबर सतराची दुसरी सही

मलकापुरात गेल्या वीस-बावीस वर्षांत शेतांचे जे प्लॉट पडले, त्यांतल्या बऱ्याच नकाशांवर दीपमाला कोलतेचा हात फिरलेला आहे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती एकोणिसाव्या वर्षी अविनाशभाऊंच्या ऑफिसात लागली. अविनाशभाऊ इंजिनिअर. मोजणी, लेआउट, घरांचे नकाशे, मंजुरीची कामं, सगळं त्यांच्याकडे. दीपमाला आधी शाईच्या पेनाने ट्रेसिंग पेपरवर रेषा ओढायची, पुढे कॉम्प्युटर आला तर तोही शिकली. सही अविनाशभाऊंची, पण सातबारा वाचून कुठून वाट येते, कुठला बांध कोणाचा, हे विचारायला ते तिलाच हाक मारायचे.

तिचा नवरा नीळकंठ एका शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात क्लार्क. लग्नानंतर दोघांनी अर्जुननगरात घर बांधलं. तो लेआउट अर्जुनराव नावाच्या गृहस्थांनी पाडलेला, नकाशा दीपमालाने काढलेला. बेचाळीस प्लॉट, आणि मधोमध दहा गुंठे मोकळी जागा. कॉलनीतले लोक तिला 'ओपन प्लेस' म्हणत. उन्हाळ्यात तिथे कुरड्या वाळायच्या, मुलं क्रिकेट खेळायची, कोणाचं लग्न असलं की मांडव पडायचा, कोणी गेलं की माणसं तिथेच खुर्च्या टाकून बसायची. खरेदीच्या वेळी नीळकंठ म्हणाला होता, "एकाच नावानं घेऊ, खर्च वाचते." दीपमालाने ऐकलं नाही. प्लॉट नंबर सतरा दोघांच्या नावावर झाला.

दोन हजार एकवीसची दिवाळी सरली होती. अविनाशभाऊंनी अर्जुननगरचा जुना नकाशा तिच्या टेबलावर पसरला आणि मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवली.

"इथी सहा प्लॉट पाड. सुधारित नकाशा टाकायचा आहे."

"काऊन?"

"अर्जुनरावले पाह्यजेत. ते कोपऱ्यातलं वीस फूट राहू दे, त्याले बगीचा म्हणू."

"भाऊ, लोकायनं हा नकाशा पाहून प्लॉट घेतले. मी बी घेतला."

"तुले त्याच्याशी काय करा लागते? प्लॅनिंग माह्यं काम आहे, रेषा ओढणं तुह्यं."

दीपमालाने नकाशाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि त्यांच्या हातात दिली. "मग ओढून घ्या," म्हणाली. पर्स घेतली आणि बाहेर पडली. वीस वर्षांची नोकरी तिने दुपारच्या चहाच्या आत सोडली. अविनाशभाऊंना वाटलं, दोन दिवसांनी येईल. ती आली नाही.

नकाशा दुसऱ्या कोणीतरी काढून दिला. दीपमालाने कॉलनीत घरोघर जाऊन सांगितलं, अकरा जणांच्या सह्यांची हरकत दिली, आणि प्रस्ताव तेवढ्यापुरता मागे घेतला गेला. त्याआधी ओपन प्लेसवर एक बैठक झाली. तिथे तिने नियम सांगायला तोंड उघडलं, तर अर्जुनराव खुर्चीतूनच हसले. वयस्क, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं साखरेसारखं.

"बाई, तुम्ही ड्राफ्ट्समन. चांगल्या ड्राफ्ट्समन आहात. पण हे शहर वाढवायचं शास्त्र आहे. त्याचं शिक्षण वेगळं असते."

चार लोक हसले. दीपमालाही हसल्यासारखं करून खाली बसली. घरी आल्यावर मात्र तिने मुलीला, गार्गीला, विचारलं, "ते वेगळं शिक्षण कुठी भेटते, पाह्य बरं मोबाईलवर."

गार्गी तेव्हा अकरावीत होती. तिने शोधलं. पुण्यात एका विद्यापीठात जमीन व नागरी मालमत्ता विकास या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. कुठल्याही पदवीवर प्रवेशपरीक्षा देता येत होती. दीपमालाने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं होतं.

घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. सासूबाई सुभद्राबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांची बाई, पोट्टी बारावीत जाईन अन् तू कॉलेजात? लोक काय म्हणतीन वं?"

"लोक म्हणून राह्यले आई, की मले समजत नाही. तेच बंद करा लागते."

नीळकंठ गप्प राहणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं, "तिकडं राहशीन कुठी?" त्याचा अर्थ जा असाच होता, असं दीपमालाने धरून घेतलं. प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखत झाली, फी तिने स्वतःच्या साठवणीतून भरली, आणि जुलैमध्ये ती पुण्याच्या गाडीत बसली.

वर्गात अठ्ठावीस जण. सगळे बावीस-तेविशीचे, निम्म्यांचे वडील बिल्डर. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा दोघं-तिघं उभे राहिले. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. ती शेवटच्या बाकाकडे न जाता पहिल्या बाकावर बसली.

पहिलं सत्र वाईट गेलं. जमिनीचे कायदे, नकाशे, मोजणी, यांत तिला काही नवं नव्हतं. पण पैशाचं गणित, आज घातलेला रुपया सात वर्षांनी किती होईल, प्रकल्पाचा परतावा कसा काढायचा, हे इंग्रजीतून तिच्या डोक्यावरून जायचं. त्या पेपरात ती नापास झाली. निकालाच्या फलकासमोर ती उभी राहिली, स्वतःचा नंबर दोनदा पाहिला, आणि ऑफिसात जाऊन पुन्हा परीक्षेचा अर्ज भरून आली. घरी फोनवर सांगितलं, "एक विषय राह्यला." सुभद्राबाईंनी मागून विचारलं, "मंग परत येते का?" दीपमाला म्हणाली, "विषय राह्यला म्हटलं आई, मी नाही."

त्याहून जास्त बोचलं ते पहिलं सादरीकरण. ती फळ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाले गावठाणाबद्दल सांगून राह्यली..." मागच्या बाकावर कोणीतरी 'राह्यली' हळूच पुन्हा म्हटलं आणि खसखस पिकली. दीपमाला थांबली. हात बांधून तशीच उभी राहिली. हसू ओसरलं, वर्ग चुळबुळायला लागला, तरी ती बोलेना.

"झालं?" तिने विचारलं. "अजून कोणाचं राह्यलं असन तर हसून घ्या. माह्या घरी असंच बोलतात, अन् मले दुसरं बोलणं शिकायले इथी पाठवेल नाही. मी जमीन शिकायले आली."

मग तिने पंधरा मिनिटांचं सादरीकरण बावीस मिनिटं केलं. शिकवणाऱ्या प्राध्यापिका हिमानी सरपोतदार तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण मध्ये बोलल्या नाहीत.

वर्गाचा सूर बदलला तो एका पाहणीच्या दिवशी. पुण्याबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी मोठा गृहप्रकल्प होणार होता. कंपनीचा माणूस टोपी घालून जागा दाखवत होता, मुलं फोटो काढत होती. दीपमाला मागे राहून रस्त्याच्या कडेला वाकून काहीतरी पाहत होती.

"इथला नाला कुठी गेला?" तिने येऊन विचारलं.

"नाला? इथे नाला नव्हताच मॅडम."

"रस्त्याखाली मोरी आहे. चार फुटांची, दगडी. मोरी कोणी हौसेनं बांधत नाही."

माणूस हसला, म्हणाला जुनी असेल. दीपमालाने हात लांबवून दाखवलं. करंजाची पाच झाडं एका ओळीत, टेकडीपासून मोरीपर्यंत, आणि बाकीच्या जमिनीपेक्षा त्या पट्ट्यातली माती वेगळी, बाहेरून आणून टाकलेली. सरपोतदार मॅडमनी पुढच्या आठवड्यात जुना गावनकाशा मागवला. त्यात नाला होता.

चिन्मय नावाचा एक मुलगा, वडिलांचा पिंपरीत बांधकामाचा व्यवसाय, त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसला. "ताई, मला सातबारा वाचायला शिकवा. आमच्याकडे सगळं वकील बघतो, मला काही कळत नाही." दीपमाला म्हणाली, "शिकवतो. तू मले ते परताव्याचं गणित शिकव." त्यानंतर कॅन्टीनमध्ये एका बाजूला फेरफाराचे उतारे आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, असं दोघांचं बरेच महिने चाललं. राहिलेल्या विषयात ती बासष्ट मार्कांनी पास झाली.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायचा होता. बाकीच्यांनी मॉल, गोदामं, आयटी पार्क घेतले. दीपमालाने लिहिलं: लहान शहरातील लेआउटमधील मोकळ्या जागेचे मूल्य, अर्जुननगर, मलकापूर.

सरपोतदार मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. "दीपमालाताई, हा रागाचा विषय आहे. अभ्यासाचा आहे का?"

"राग आहेच मॅडम. पण मोजमाप बी करतो ना मी. मोजमाप खोटं निघालं तर राग सोडून देईन."

सुट्टीत ती मलकापूरला आली आणि तीन आठवडे उन्हात फिरली. आसपासच्या नऊ लेआउटमधल्या मोकळ्या जागा मोजल्या. वीस वर्षांची खरेदीखतं काढून मोकळ्या जागेसमोरच्या प्लॉटचे आणि मागच्या गल्लीतल्या प्लॉटचे भाव मांडले. गार्गीने सकाळ-संध्याकाळ गच्चीवर बसून ओपन प्लेसवर कोण येतं, किती वेळ थांबतं, याची नोंद केली. निष्कर्ष सरळ होता. सहा प्लॉट विकून एका माणसाला जे मिळणार, त्याच्यापेक्षा बेचाळीस घरांचं मिळून जास्त जाणार. मोकळी जागा रिकामी नव्हती. तिचा भाव त्या बेचाळीस प्लॉटांच्या भावात आधीच वसूल झालेला होता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, पुण्यातले नावाजलेले विकासक. त्यांनी प्रबंध चाळला, चष्मा काढला.

"तुम्ही स्वतः याच कॉलनीत राहता?"

"हाव."

"मग हा अभ्यास तटस्थ कसा मानायचा?"

"सर, तुम्ही बांधकामाच्या धंद्यात आहात, तरी परीक्षक आहात. मी तिथी राह्यतो, तरी विद्यार्थी आहे. आकडे तपासा, चुकले असतीन तर सांगा."

सरपोतदार मॅडमनी खाली पाहिलं. परीक्षकांना राग आला नाही, उलट गंमत वाटली असावी. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण तुमच्या अहवालात पर्याय नाही. एक पान वाढवा. निम्मी जागा मोकळी ठेवा, निम्म्यावर तीन प्लॉट. समतोल दिसेल. पहिला वर्ग मी आनंदाने देईन."

"ते पान मी करून पाह्यलं होतं सर. मंग काढून टाकलं."

"का?"

"जी जागा एकदा विकल्या गेली, ती परत निम्मी विकायची म्हणजे समतोल नाही होत."

"विकली कुठे? मोकळीच तर आहे."

"बेचाळीस लोकायनं तिचे पैसे देल्ले आहेत. पान एकशे चार ते एकशे सोळा."

त्यांनी ती पानं उलटली. वाचली. शेवटी म्हणाले, "पर्यायाशिवाय मी वरचा वर्ग देऊ शकत नाही." दीपमाला म्हणाली, "जो बसते तो द्या सर." आणि नमस्कार करून बाहेर आली. तिला दुसरा वर्ग मिळाला, वर्गात खालून चौथी.

चिन्मय चिडला. "ताई, एक पान घातलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अर्जुनरावनं परत प्रस्ताव टाकला असता अन् तेच पान सुनावणीत दाखवलं असतं बाबू. म्हणले असते, पाहा, बाईनं स्वतः तीन प्लॉट पाडून देल्ले."

सुनावणी खरंच आली. ती पुण्यात असताना अर्जुनरावांनी प्रस्ताव पुन्हा दाखल केला होता, आणि या वेळी प्लॉटधारकांच्या लेखी संमत्या जोडून. बेचाळीसपैकी अठ्ठावीस लागत होत्या. त्यांनी अठ्ठावीस जमवल्या होत्या. काहींना उधारीत सवलत, काहींना नातेवाइकाची भीड, काहींना नुसता चहा.

नोव्हेंबरात बुलढाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणीची तारीख लागली. दीपमाला एकटी एसटीने गेली. नीळकंठ म्हणाला, शाळेत ऑडिट आहे. अविनाशभाऊ तिथे आधीच बसले होते. तिला पाहून त्यांनी मान वळवली. अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी कागद वाचून विचारलं, "हरकत कोणाची?"

"माही," दीपमाला म्हणाली आणि प्रबंधाची प्रत पुढे ठेवली.

अविनाशभाऊ उठले. "मॅडम, ह्या बाई माझ्या ऑफिसात ट्रेसरचं काम करत होत्या. नोकरी सुटल्याचा राग आहे."

"हाव मॅडम, वीस वर्षं करत होती. मंजूर नकाशा मीच काढेल आहे, म्हणून त्यात काय आहे ते मले पाठ आहे. आता त्याच विषयात शिकून आली."

अधिकाऱ्यांनी प्रबंध बाजूला सरकवला. "हे मी वाचीन. पण नियमाने संमत्या पुऱ्या असतील तर तुमची एकटीची हरकत पुरणार नाही." त्यांनी संमत्यांची यादी तिच्या हातात दिली. "बघून घ्या."

दीपमाला ओळीने वाचत गेली. नवव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. प्लॉट नंबर सतरा. खाली सही, गोल वळणाची, 'नी' ची वेलांटी लांब ओढलेली. तिने ती सही घरच्या किराण्याच्या यादीपासून मुलीच्या दाखल्यापर्यंत हजारदा पाहिली होती.

अविनाशभाऊ तिच्याकडेच पाहत होते. त्यांना माहीत होतं. उठून निघून जावं, एसटी पकडावी, असं तिला क्षणभर वाटलं. पण तिने ती ओळ पुन्हा वाचली, आणि बरंच झालं, कारण तेवढ्या वेळात तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली.

"मॅडम," ती म्हणाली. "प्लॉट सतराच्या खरेदीखतावर दोन नावं आहेत. इथी एकाचीच सही आहे. दुसरं नाव माह्यं आहे. माही सही नाही, अन् होणार नाही."

अधिकाऱ्यांनी उतारा काढायला लावला. दोन नावं होती. अठ्ठाविसाच्या सत्तावीस झाल्या. मग त्यांनी बाकीचेही उतारे मागवले आणि आणखी दोन संमत्यांत तोच दोष निघाला. प्रस्ताव त्याच दिवशी परत पाठवला गेला. अविनाशभाऊ जिन्यात तिला म्हणाले, "नवऱ्याले तोंडघशी पाडलं तू." ती जिना उतरत राहिली. उत्तर देण्यासारखी ती जागा नव्हती आणि तो माणूसही नव्हता.

घरी नीळकंठ पडवीत बसला होता. शाळेत ऑडिट नव्हतंच.

"सही कवा केली?"

"गेल्या सालच्या दिवाळीआधी, तू पुण्याले होती तवा. अर्जुनराव संस्थेच्या कमिटीवर आहेत. ऑफिसात बोलावून कागद समोर ठेवला. मी काय करू? गार्गीची फी, आईचं औषध, नोकरी गेली तर?"

"मले फोन नाही करता आला?"

"तू नाही म्हणली असती."

"तेच तर!" दीपमालाचा आवाज चढला. "मी नाही म्हणली असती. मी इतके वर्षं तेच करून राह्यली. तुम्हाले एकदा म्हणता नाही आलं?"

सुभद्राबाई आतून आल्या. कोणाची बाजू घेतील ते कळेना. त्या मुलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नीळकंठ, ती बाई शिकायले गेली तवा म्या तिले बोल लावले. पण तिनं आपल्या नावाची सही कोणाले देल्ली नाही. तू काऊन देल्ली?"

नंतरचे चार दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी नीळकंठने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, की माझी संमती दबावाखाली घेतली, ती मी मागे घेतो, आणि बुलढाण्याला जाऊन देऊन आला. दीपमालाने तो लिहायला सांगितला नव्हता. तिने मजकूर वाचला आणि 'दबावाखाली' हा शब्द त्याने खोडला नाही ना, एवढंच पाहिलं.

महिन्याभरात त्याची बदली संस्थेच्या वडनेर भोलजीच्या शाखेत झाली. आता तो रोज सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी दमून येतो. त्याबद्दल तो तक्रार करत नाही आणि दीपमाला त्याला शाबासकी देत नाही. पण हल्ली तो तिला मोजणीचे कागद लावायला मदत करतो आणि कधी कधी एखाद्या उताऱ्यावर बोट ठेवून म्हणतो, "हे नाव पाह्य, इथी गडबड आहे." बहुतेक वेळा गडबड असते.

ओपन प्लेस अजून मोकळी आहे. अर्जुनरावांनी वरच्या कचेरीत अपील केलंय, तारखा पडताहेत. मध्ये एकदा त्यांनी तारेचं कुंपण घालायला माणसं पाठवली. कॉलनीतल्या बायकांनी खांबांसाठी खोदलेले खड्डे बुजवून टाकले. दीपमालाने त्याचे तारीखवार फोटो काढले आणि अपिलाच्या उत्तराला जोडले.

तिने स्टेशन रोडला एक खोली घेऊन स्वतःचं ऑफिस टाकलं. काम फार मिळत नाही. लेआउट पाडणारे तिच्याकडे येत नाहीत. लेआउटात अडकलेले येतात. परवा लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून फोन आला. तिथल्या एका नव्या वसाहतीतला नकाशातला बारा मीटरचा रस्ता जागेवर आठ मीटर भरत होता. दीपमाला टेप आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन पोचली. मोजायला लागली तसा जमिनीचा मालक गाडीतून उतरून तरातरा आला.

"ओ बाई, कोण तुम्ही? कोणाला विचारून मोजताय?"

दीपमालाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा. घट्ट धरा, सैल सोडलं तर माप खोटं निघन."

आणि दुसरं टोक घेऊन ती समोरच्या भिंतीकडे चालायला लागली.